काही झालेलं नाही, तरी घोटा तिसऱ्यांदा मुरगळला

पत्र, थोडं कापून:

‘माझं वय ३६. दोन वर्षांत उजवा घोटा तिसऱ्यांदा मुरगळलाय. पहिल्यांदा बॅडमिंटन खेळताना, नंतर जिना उतरताना आणि आता चक्क सपाट जमिनीवर, फोनवर बोलत चालले होते तेव्हा. दर वेळी एक्स-रे काढला. दर वेळी “हाड ठीक आहे, काही झालेलं नाही, लिगामेंट जरा ताणलंय” एवढं ऐकून घरी आले. क्रेप बँडेज, गोळ्या, दहा-पंधरा दिवस आराम. दुखायचं थांबलं की पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू. या वेळी अकरा दिवस झालेत. चालता येतं, पण संध्याकाळी सूज येते. घरात एक जण बर्फ लाव म्हणतो, दुसरा शेक घे म्हणतो. बहीण म्हणते एमआरआय करून टाक. मला विचारायचंय ते वेगळंच. काही झालेलंच नाही, तर हा पाय पुन्हा पुन्हा दगा का देतो? की मीच वेंधळी आहे?
– एका पायावर’

‘एका पायावर’ यांना,

वेंधळेपणाचा आरोप आधी मागे घ्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात बोलकी वाटली ती तीन जागांची यादी: कोर्ट, जिना, सपाट जमीन. पहिल्यांदा घोटा मुरगळायला उडी मारून वेडंवाकडं उतरावं लागलं. दुसऱ्यांदा एक पायरी पुरली. तिसऱ्यांदा तेवढंही लागलं नाही. हे तीन अपघात आहेत असं मला वाटत नाही. पहिली दुखापत अर्धवट बरी झाली आणि तीच आणखी दोनदा उसळून वर आली.

‘हाड ठीक आहे’ आणि ‘काही झालेलं नाही’ ही दोन निराळी वाक्यं आहेत. तुम्हाला ती एका दमात ऐकवली गेली. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. ते अख्खं तुटलेलं असलं तरी साध्या एक्स-रेत दिसणार नाही. फार तर दोन हाडांमधली फट वाढलेली दिसेल आणि त्यावरून अंदाज बांधता येईल. म्हणजे तुमचे तिन्ही एक्स-रे खरंच बोलत होते, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

लिगामेंट म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा. पुस्तकी शब्द अस्थिबंध, पण तो कुणी वापरत नाही. आपल्याकडे ‘शीर ताणली’ या एका शब्दप्रयोगात लिगामेंट, स्नायू आणि स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी अशा तिघांचा कारभार उरकला जातो, आणि मग उपचारही सरसकट होतात. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला असे तीन पट्टे आहेत. त्यातला पुढचा सगळ्यात कमकुवत. पाऊल खाली झुकलेलं असताना आत वळलं, म्हणजे नेमकं पायरी उतरताना किंवा उडीनंतर टेकताना, की पहिला ताण त्याच्यावर येतो. तो सुटला की मधला. आतल्या बाजूचा पट्टा पंख्यासारखा रुंद आणि दणकट असतो, म्हणून पाय बाहेरच्या दिशेनं मुरगळणं विरळ. तसं झालंच तर सोबत हाड मोडलंय का हे बघावं लागतं.

दुखापतीच्या तीन पायऱ्या मानतात. पट्टा नुसता ताणला गेला आणि काही तंतू तुटले, ही पहिली. बराचसा फाटला, ही दुसरी. पुरता तुटला, ही तिसरी. आणि यात एक फसवी गोष्ट आहे. पुरता तुटलेला पट्टा पहिल्या कळेनंतर अर्धवट फाटलेल्या पट्ट्यापेक्षा कमी दुखू शकतो, कारण ताणायला काही उरलेलंच नसतं. तेव्हा किती दुखतंय यावरून किती बिघडलंय हे मोजू नका. पाऊल बोटांपर्यंत काळंनिळं झालं म्हणूनही घाबरू नका. रक्त उताराच्या दिशेनं खाली सरकतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

लिगामेंट नुसती दोरी असती तर गोष्ट सोपी होती. पण त्यात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात, आणि पाऊल या क्षणी कोणत्या कोनात आहे, किती वेगानं वळतंय ही खबर ती मेंदूकडे पाठवत राहतात. अंधारात पायरीचा अंदाज येतो तो या खबरीवर. पाऊल जरा आत झुकू लागलं की पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू त्याला सावरतात. एवढंच नव्हे, पाय जमिनीला टेकायच्या आधीच ते तयारीत असतात. पट्टा फाटतो तेव्हा हे खबरेही जायबंदी होतात. मग खबर उशिरा जाते किंवा चुकीची जाते. पाय टेकतो तोच थोडा वाकडा, आणि सावरायला वेळ उरत नाही. १९६५ साली फ्रीमन या ब्रिटिश शल्यविशारदानं हा विचार मांडला: मुरगळलेला घोटा नंतर दगा देत राहतो तो दर वेळी सैल झाल्यामुळे नाही, तर त्याची जाण हरवल्यामुळेही. त्यावर नंतर खूप काम झालं, चित्र आणखी गुंतागुंतीचं निघालं, पण मूळ मुद्दा टिकून आहे.

आराम केला की सूज ओसरते आणि दुखणं थांबतं. हरवलेली जाण आरामानं परत येत नाही. तुम्ही तिन्ही वेळा दुखण्यावर उपचार केलेत. घोट्यावर एकदाही केला नाहीत. यात तुमचा दोष नाही, तसं कुणी सांगितलंच नाही.

आणि कॅलेंडरही तुमच्या विरुद्ध होतं. पहिले काही दिवस सुजेचे. त्यानंतर साधारण सहा आठवडे शरीर फाटलेल्या जागी नवे तंतू टाकत असतं. हे तंतू कच्चे असतात आणि कापसाच्या पिंज्यासारखे कसेही पडलेले असतात. नंतरचे कित्येक महिने, कधी वर्षभर, ते हळूहळू जाड होतात आणि ज्या दिशेनं ताण पडतो त्या दिशेनं लागतात. ताणच पडला नाही तर नीट लागत नाहीत, आणि अवेळी फार पडला तर पुन्हा फाटतात. तुमचं दुखणं पंधराव्या दिवशी थांबायचं. पट्टा तेव्हा कुठे विणायला घेतलेला असायचा. मी हे शहाणपणानं सांगतेय असं समजू नका. माझा स्वतःचा डावा घोटा मी फिजिओथेरपीचं शिक्षण घेत असताना, वर्गात हाच तक्ता समोर असताना, चौथ्या आठवड्यात पुन्हा मुरगळून घेतलाय.

बर्फ की शेक? या वादाला घराघरांत मिळतं तेवढं महत्त्व मिळावं अशी त्याची लायकी नाही. आराम, बर्फ, दाबपट्टी, पाय उंच ही चौकडी १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरनं लोकप्रिय केली. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की पूर्ण आराम आणि सतत बर्फ यांनी भरून येण्याला उशीर होऊ शकतो, कारण सुरुवातीची सूज ही दुरुस्तीचीच पहिली पायरी आहे. आज माझं म्हणणं असं: बर्फ बधिर करतो, आणि पहिले दोन-तीन दिवस झोप लागण्यासाठी तेवढंही खूप आहे. कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नाही. शेक, गरम पाण्याचा मारा आणि जोरानं चोळणं हे त्या दोन-तीन दिवसांत टाळायचं. तुमचे अकरा दिवस झालेत. व्यायामाआधी कोमट शेक बरा वाटत असेल तर घ्या, संध्याकाळी सूज आल्यावर बर्फ बरा वाटत असेल तर तोही घ्या. घरातले दोघेही जिंकले. त्यातल्या कशानंही घोटा शहाणा होणार नाही.

संध्याकाळच्या सुजेची फार काळजी नको. काही आठवडे ती येत राहते. रात्री पाय उशीवर ठेवला आणि सकाळपर्यंत ओसरली तर ठीक. मात्र पोटरीच सुजली, दाबल्यावर दुखू लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इस्पितळात. पाय बरेच दिवस हलवला नाही की शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो.

वेदनेसाठी वरून लावायचं जेल बऱ्याच जणांना पुरतं. पोटात घ्यायच्या दाहशामक गोळ्या अल्सर, किडनीचा विकार किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि गोळी घेऊन खेळायला जाणं म्हणजे जे खबरे अजून जागे आहेत त्यांचंही तोंड बंद करणं.

एमआरआय. आत्ता नको. तुमच्या बहिणीची काळजी समजते, पण अकराव्या दिवशी त्यात पट्टा फाटलेला दिसला तरी पुढचे सहा आठवडे करायचं तेच असणार आहे. त्यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी गोष्ट तुमची राहून गेलीय: हातानं केलेली तपासणी. पहिल्या दिवशी पाय इतका सुजलेला आणि ठणकत असतो की डॉक्टरांच्या हाताला फारसं कळत नाही. चार-पाच दिवसांनी सूज उतरली की टाच धरून पाऊल पुढे ओढून बघता येतं, दोन्ही पायांची तुलना करता येते, आणि पट्टा तुटलाय का ते बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं. तुमच्या तिन्ही वेळच्या हकिकतीत दुसऱ्यांदा तपासायला कुणी बोलावल्याचं दिसत नाही. आता जा. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट, कुणीही चालेल, आणि ‘दोन वर्षांत तिसऱ्यांदा’ हे शब्द आल्या आल्या सांगा. एक गोष्ट मुद्दाम दाखवा: पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबलं की घोट्याच्या वर, समोरच्या बाजूला कळ येते का. येत असेल तर वरचा, नडगीची दोन हाडं एकत्र धरणारा पट्टा दुखावलेला असू शकतो. त्याला खूप जास्त वेळ लागतो आणि त्याचं वेळापत्रक निराळं.

एमआरआयची वेळ केव्हा? नीट व्यायाम करूनही सहा-आठ आठवड्यांनी घोट्याच्या आत खोलवर दुखत राहिलं, सांधा अडकल्यासारखा किंवा कटकन लागल्यासारखा वाटला, तेव्हा. कधी कधी मुरगळताना आतल्या हाडावरच्या गुळगुळीत आवरणाचा, म्हणजे कूर्चेचा, टवका उडतो, आणि तो एक्स-रेतून निसटू शकतो.

एक्स-रे तरी दर वेळी लागतो का? पुढच्या वेळी (ती न येवो) किंवा घरात दुसऱ्या कुणाचा पाय मुरगळला तर हे लक्षात ठेवा. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम प्रसिद्ध केले, आणि आज जगभर तातडीच्या विभागांत ते वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासताना, दोन्ही वेळा चार पावलंही टाकता आली नाहीत, लंगडतसुद्धा नाहीत, तर एक्स-रे. घोट्याच्या दोन्ही बाजूंना गोटीसारखं वर आलेलं जे हाड दिसतं त्याच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या साधारण ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात, बोटानं दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी दुखलं तरी, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीवरच्या हाडावर दुखलं तरी. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लहान मुलांच्या बाबतीत मी थोडी जास्त सावध असते. त्यांच्या हाडाचा वाढीचा भाग लिगामेंटपेक्षा नाजूक असतो, त्यामुळे ‘मुरगळलं’ असं वाटतं तिथे हाडालाच इजा झालेली असू शकते. पाऊल वाकडं दिसलं, थंड किंवा बधिर पडलं तर नियम-बियम बघत बसायचं नाही, निघायचं.

आता काम. पहिली परीक्षा आजच घ्या. भिंतीजवळ उभ्या राहा, हात लावायचा नाही पण लागला तर मिळाला पाहिजे. आधी डाव्या पायावर तीस सेकंद. मग उजव्यावर, पूर्ण वजन सहन होत असेल तरच. उजवं पाऊल थरथरत असेल, बोटं जमीन पकडू बघत असतील, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. कित्येकांना ते बघून हायसं वाटतं, मलाही वाटलं होतं. दोष आपल्या लक्षात नाही, पायात आहे.

बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं गिरवा, दिवसातून दोन-तीनदा. ‘ज्ञ’पर्यंत पोचलात की घोटा सगळ्या दिशांना फिरून आलेला असतो. मग भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. जमलं की पाऊल एक बोट मागे. अंगठा आणि भिंत यांतलं अंतर दोन्ही पायांचं सारखं यायला हवं; उजव्याचं कमी असेल तर पहिल्या दोन दुखापतींतला ताठरपणा अजून आत बसून आहे. हे बरेच जण सोडून देतात, आणि मग ताठर घोटा उडीनंतर नीट वाकत नाही म्हणून पुन्हा मुरगळतो.

ताकदीसाठी रबरी पट्टा घ्या. एक टोक टेबलाच्या पायाला बांधा, दुसरं पावलाच्या बाहेरच्या कडेला अडकवा, आणि करंगळीकडची कड बाहेर ओढा. दहा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. परत येताना सावकाश, झटका नको. आणि टाचा उचलणं: आधी दोन्ही पायांवर, मग एका. एका पायावर डावीकडे जितक्या होतात तितक्या उजवीकडे झाल्या पाहिजेत.

आता तोल. मला विचाराल तर बाकी सगळं कमी केलंत तरी हे सोडू नका, कारण पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण ज्यानं कमी होतं असं चांगल्या अभ्यासांत दिसलंय ते हेच. एका पायावर तीस सेकंद जमले की डोळे मिटून. ते जमलं की डोळे उघडून, पण पायाखाली घट्ट उशी. मग एका पायावर उभं राहून चेंडू भिंतीवर मारून झेलणं. मग, आणि हे खास तुमच्यासाठी, एका पायावर उभं राहून फोनवर बोलणं. हसू नका. तुमचा पाय लक्ष दुसरीकडे असताना फसला, तर सरावही लक्ष दुसरीकडे ठेवूनच व्हायला हवा. रोज दहा मिनिटं, किमान सहा ते आठ आठवडे. दात घासताना केलेलंही मोजा.

किती दुखलं तर चालेल? दहापैकी तीनपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज कालपेक्षा जास्त नसावी. असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका.

क्रेप बँडेज आता कपाटात ठेवा. सुजेला थोडा दाब देण्यापलीकडे ते घोट्याला फारसं धरत नाही. त्याऐवजी नाडीचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला अँकल ब्रेस घ्या. पुढचे काही आठवडे बाहेर जाताना, आणि खेळताना तर सहा महिने ते वर्षभर. ‘ब्रेसनं पाय लाडावतो’ असं लोक म्हणतात. व्यायाम चालू असेल तर ती भीती नको. व्यायामाच्या ऐवजी ब्रेस लावणार असाल तर लोकांचं बरोबर आहे.

बॅडमिंटन केव्हा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला माहितेय की विचारायचं होतं. तारीख देत नाही. उजव्या पायावर लंगडी घालता आली, आडव्या उड्या मारता आल्या, इंग्रजी आठच्या आकारात पळता आलं आणि हे सगळं करताना घोट्याचा विचार मनात आला नाही, की कोर्टवर जा. आधी नुसते फटके, मग अर्धं कोर्ट, मग सामना.

शस्त्रक्रियेचं कुणी सुचवलं तर: तीन ते सहा महिने मन लावून व्यायाम करूनही घोटा दगा देत राहिला आणि तपासणीत तो खरंच सैल निघाला, तरच तो विषय. सैल पट्टा आखडून पुन्हा शिवण्याची पद्धत ब्रोस्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरनं १९६६ मध्ये मांडली आणि तिच्याच सुधारित आवृत्त्या आजही करतात. निकाल चांगले असतात. पण त्यानंतरही हेच तोलाचे व्यायाम करावे लागतात, म्हणून म्हणते, आधी करून बघा.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी हे सगळं गुडघ्याला लावू नका. गुडघा वळताना ‘टक्’ असा आवाज आला आणि काही तासांतच तो टम्म फुगला तर तो सांध्याच्या आतला पट्टा असू शकतो. तो घोट्याच्या पट्ट्यांसारखा आपण होऊन सहसा भरून येत नाही. तिथे लवकर दाखवणं हाच उपचाराचा पहिला भाग.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. किती दुखतंय ते नको. डोळे मिटून उजव्या पायावर किती सेकंद उभ्या राहता, आणि डाव्यावर किती, हे दोन आकडे पाठवा.